‘लवकरच’ आणि ‘एक टक्का’

मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव जून २०१७ मध्ये जगभर छापून आलं. या गावचे डॉक्टर अशोक वराडकर आधी इंग्लंडला आणि पुढे आयर्लंडला गेले. त्यांचा मुलगा लिओ १४ जून २०१७ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, आयर्लंडचा पंतप्रधान झाला. आपल्याकडे त्याचं भरपूर कौतुक झालं, आणि डिसेंबर २०१९ च्या अखेरीस लिओ कुटुंबासह वराडला येऊन गेले तेव्हा पुन्हा झालं. त्या कौतुकात एक गोष्ट मात्र राहून गेली. या पंतप्रधानाला आठवड्यातून दोनदा भर सभागृहात उभं राहून, आधी कळवलेले नसलेले प्रश्न झेलावे लागत होते. त्यांतले बरेचसे दोनच प्रकारचे असत : अमुक कायदा आणणार म्हणाला होतात, तो कुठे आहे? आणि अमुक लोकांचा पगार कधी वाढणार?

हे दोन प्रश्न कुठल्याही लोकशाहीत सरकारप्रमुखाला छळतात. आयर्लंडने मात्र ते विचारायला घड्याळ लावून जागा करून दिली आहे. ती व्यवस्था जवळून पाहिली की सरकारी उत्तर कसं ऐकायचं, त्यातला कोणता शब्द वजनाचा आणि कोणता पोकळ, हे हळूहळू उमगायला लागतं. आपल्या विधिमंडळाचं कामकाज पाहणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाला ‘डॉल’ म्हणतात आणि पंतप्रधानाला ‘टीशख’. डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउसमध्ये हे सभागृह भरतं. वराडकर पहिल्यांदा टीशख झाले तेव्हा त्यात १५८ सदस्य होते आणि त्यांच्या फिन गेल पक्षाचे निवडून आलेले जेमतेम ५०. सरकार अल्पमतातलं, मुख्य विरोधी पक्ष असलेल्या फियाना फॉलने लेखी करार करून तगवलेलं. अशा सभागृहात मंगळवारी आणि बुधवारी ‘नेत्यांचे प्रश्न’ पुकारले जात. चार प्रश्नकर्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं, एकूण ३२ मिनिटं. आठ मिनिटांची वाटणी ठरलेली : तीन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं उत्तर, मग एक मिनिट उपप्रश्न आणि एक मिनिट शेवटचं उत्तर. विषय आधी कळवावा लागत नाही. टीशखच्या खात्याचे अधिकारी सकाळची वर्तमानपत्रं आणि रेडिओ ऐकून अंदाज बांधतात आणि विषयवार टिपणांची जाडजूड फाइल तयार ठेवतात. अंदाज चुकला की टीशखला स्वतःच्या माहितीवर उभं राहावं लागतं.

आपल्याकडच्या प्रश्नाशी याची तुलना करून पाहा. लोकसभेत तारांकित प्रश्नाला किमान १५ दिवसांची सूचना लागते, दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि तासाभरात त्यांतले मोजकेच तोंडी होतात. पंतप्रधान जबाबदार असतात ते त्यांच्या स्वतःच्या खात्यांपुरते. महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नाचा तर साचाच आहे. ‘सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘(१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उजवीकडे मंत्र्याचं उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ हा साचा मला मनापासून आवडतो, कारण तो मंत्र्याला होय की नाही यावर उभा करतो. पण त्याची एक कमजोरी आहे. पहिल्या भागात एखादा आकडा किंवा तारीख किंचित चुकली, तर ‘हे खरे नाही’ एवढ्यावर पुढचे सगळे भाग एका फटक्यात गळून पडतात. म्हणून जाणते आमदार पहिल्या भागात फार तपशील भरत नाहीत. ‘अमुक जिल्ह्यात पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय’ असं मोकळं विचारतात आणि नेमका आकडा दुसऱ्या भागात मागतात. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर आलं की समजावं, प्रश्न बरोबर ठिकाणी लागलाय.

डब्लिनच्या आठ मिनिटांत हा लेखी सापळा नाही. तिथे वेगळी गंमत आहे. पहिल्या तीन मिनिटांच्या उत्तरात टीशखकडे तयार मजकूर असतो : प्रश्न मांडल्याबद्दल आभार, संबंधितांबद्दल सहानुभूती, गेल्या अर्थसंकल्पात किती पैसा वाढवला याचा आकडा, आणि शेवटी ‘आमचं काम सुरू आहे’. खरं उत्तर असतं ते शेवटच्या एका मिनिटात. उपप्रश्नात नेता म्हणतो, ‘ते सगळं ऐकलं, पण सप्टेंबरपर्यंत होणार की नाही?’ आणि फाइलमध्ये त्याचं टिपण नसतं. सभागृहाचं शब्दशः कामकाज इंटरनेटवर लगेच उपलब्ध होतं. ते वाचायचं असेल तर उलटीकडून वाचावं, आधी शेवटची दोन मिनिटं आणि मग सुरुवात.

‘नेत्यांचे प्रश्न’ संपले की दुसरा वेळ सुरू होतो. २०१६ च्या सुधारणांनंतर त्याला ‘वचन दिलेल्या कायद्यांविषयीचे प्रश्न’ असं नाव होतं. पुढे ते ‘धोरण किंवा कायद्यांविषयीचे प्रश्न’ असं बदललं. अर्धा तास. इथे कुणीही साधा सदस्य उठून एका मिनिटात विचारू शकतो की सरकारने सभागृहात किंवा बाहेर ज्या कायद्याचं वचन दिलं, त्याचं विधेयक केव्हा येणार. सदस्य त्याचा वापर आपल्या मतदारसंघातला रस्ता, रुग्णालयातली रांग, शाळेची इमारत यांसाठीही करतात. अध्यक्ष मग टोकतात : यात कायदा कोणता? सदस्य घाईघाईने कुठल्यातरी विधेयकाचं नाव जोडतो. नाव बदललं, त्यामागे हा रोजचा ताण होताच.

पण जो सदस्य खरोखर कायद्याविषयी विचारतो, त्याला मिळालेलं उत्तर नीट ऐकायला हवं, कारण आयर्लंडमध्ये कायदा कागदावर येण्याआधी बऱ्याच पायऱ्या चढतो आणि प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. आधी खातं ‘हेड्स’ तयार करतं, म्हणजे कलमांचा साध्या भाषेतला आराखडा. मंत्रिमंडळ त्याला मंजुरी देतं. मग संसदेची विषय समिती तो तपासते, तज्ज्ञांना आणि ज्यांच्यावर कायदा लागू होणार त्यांना बोलावते. मग महान्यायवादींच्या कार्यालयातले मसुदाकार खरी कलमं लिहितात. मग विधेयक प्रसिद्ध होतं, दोन्ही सभागृहांत एकेक टप्पा पार करतं, आणि राष्ट्राध्यक्षांकडे जातं. राष्ट्राध्यक्षांनी पाचव्या दिवसाच्या आधी आणि सातव्या दिवसानंतर सही करायची नाही, असं राज्यघटनेतच लिहिलंय. शंका असेल तर ते विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतात.

सरकार प्रत्येक अधिवेशनाच्या तोंडावर कायद्यांची यादी प्रसिद्ध करतं. वरच्या भागात याच अधिवेशनात प्रसिद्ध करायची विधेयकं, त्याखाली प्राधान्याने मसुदा लिहायची, आणि सर्वांत खाली उरलेली सगळी. त्या शेवटच्या लांबलचक भागात विधेयकाच्या नावापुढे वारंवार एकच शेरा दिसतो : काम सुरू आहे. ‘हेड्स मंजूर झाले’ आणि ‘काम सुरू आहे’ यांत एक-दोन वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणून टीशख ‘लवकरच’ म्हणाले तर त्याला फारसा अर्थ नाही. ‘उन्हाळी सुट्टीआधी’ म्हणाले तर थोडा आहे. ‘हेड्स पुढच्या मंगळवारी मंत्रिमंडळापुढे आहेत’ म्हणाले तर मात्र ते लिहून ठेवावं. आपल्याकडचे ‘यथावकाश’, ‘विचाराधीन आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘तपासून पाहिले जाईल’ हेही शब्द अशाच उतरंडीने लावता येतात. लोकसभेने तर अशा शब्दप्रयोगांची यादीच केली आहे. मंत्र्याने त्यांतला एखादा वापरला की ते आश्वासन मानलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि १९५३ पासून त्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मला ही कल्पना डब्लिनच्या पद्धतीपेक्षा सरस वाटते. तिथे पाठपुरावा करायचा तर त्याच सदस्याने पुन्हा पुन्हा उठून तोच प्रश्न विचारावा लागतो.

वचन आणि कायदा यांच्यातलं अंतर किती लांबू शकतं, त्याचं ठळक उदाहरण म्हणजे न्यायाधीश नेमणूक आयोगाचं विधेयक. वराडकर टीशख झाले त्याच वर्षी, २०१७ मध्ये, ते मांडलं गेलं. वरिष्ठ सभागृहात त्यावर इतकी दीर्घ चर्चा लांबवली गेली की जानेवारी २०२० मध्ये डॉल विसर्जित झाली तेव्हा विधेयक तसंच लटकलेलं होतं, आणि विसर्जनाबरोबर ते रद्द झालं. नव्या सरकारने २०२२ मध्ये वेगळं विधेयक आणलं. ते मंजूर झालं, राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलं, न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला, आणि मग सही झाली. तोवर वराडकर दुसऱ्यांदा टीशख झालेले होते. या साऱ्या वर्षांत ‘ते विधेयक कुठे आहे’ या प्रश्नाचं प्रत्येक उत्तर त्या-त्या दिवसापुरतं खरंच होतं.

उलट बाजूचं उदाहरणही आहे, आणि ते आपल्या मुलखाच्या जवळचं आहे. बेळगावहून आयर्लंडला गेलेल्या डॉ. सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथे गर्भपात नाकारला गेल्यानंतर मृत्यू झाला. त्या देशाच्या कायद्याविषयीचा राग त्यानंतर थांबला नाही. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली बंदी काढायला कौल दिला. सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली होती : मतदानाच्या आधीच नव्या कायद्याचा आराखडा लोकांपुढे ठेवला होता. ‘बंदी काढल्यावर काय आणणार’ या प्रश्नाला टीशखला ‘पाहू’ म्हणावं लागलं नाही, कागद दाखवता आला. २० डिसेंबर २०१८ ला राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि १ जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू झाली. सात महिने. सरकारला तारीख पाळायची असली की मसुदाकार, समिती, दोन्ही सभागृहं, सगळं जागेवर येतं.

वेळ न मिळण्याचं कारण कधीकधी खरंही असतं. २०१९ च्या सुरुवातीला ब्रेक्झिटसाठी १५ भागांचं एकच अवाढव्य विधेयक सरकारने आणलं आणि मार्चमध्ये मंजूर करून घेतलं. मसुदाकारांचे कित्येक महिने त्यात गेले आणि बाकीच्या यादीवर धूळ बसली. पण एक हत्यार मात्र मला खटकतं. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाप्रमाणे, ज्या विधेयकाने सरकारी तिजोरीतून खर्च होणार, ते टीशखच्या सहीचा निरोप आल्याशिवाय मंजूर होऊ शकत नाही. याला ‘मनी मेसेज’ म्हणतात. आपल्या घटनेतही ११७ आणि २०७ या अनुच्छेदांत राष्ट्रपती व राज्यपालांच्या शिफारशीची अशीच अट आहे. तरतूद योग्यच आहे, तिजोरी कुणाच्या तरी हातात राहायला हवी. पण अल्पमतातल्या सरकारच्या काळात विरोधकांची विधेयकं मतदानात जिंकत होती आणि हा निरोप न दिल्यामुळे समितीच्या दारात थांबत होती. सभागृहाने बहुमताने पुढे पाठवलेलं विधेयक एका न झालेल्या सहीवर अडकतं, आणि ‘मनी मेसेज का नाही’ या प्रश्नाला ‘खर्चाचा अंदाज घेणं चालू आहे’ हे उत्तर पुरतं. हे मला पटत नाही. खर्चाचा अंदाज असेल तर तो सभागृहापुढे ठेवावा.

आता पगाराचा प्रश्न. इथे टीशखचं काम जास्त अवघड, कारण कायद्याच्या प्रश्नात तारीख टाळता येते, पगाराच्या प्रश्नात समोरचा माणूस स्वतःची पगारचिठ्ठी हातात घेऊन बसलेला असतो.

त्या चिठ्ठीचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर आयर्लंडने कायदे करून सरकारी नोकरांचे पगार कापले. २००९ मध्ये आधी निवृत्तिवेतनासाठी वेगळी कपात बसली. मग १ जानेवारी २०१० पासून थेट पगारात : पहिल्या ३०,००० युरोवर ५ टक्के, पुढच्या ४०,००० वर ७.५ टक्के, त्यापुढच्या ५५,००० वर १० टक्के. म्हणजे ६०,००० युरो पगार असलेल्याचे १,५०० अधिक २,२५० असे ३,७५० युरो गेले. २०११ पासून नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना आधीच्यांपेक्षा १० टक्के कमी पगाराची श्रेणी दिली गेली. एकाच शाळेत, एकाच वर्गाला, शेजारशेजारच्या तासाला शिकवणाऱ्या दोन शिक्षकांचे पगार फक्त रुजू होण्याच्या तारखेवरून वेगळे झाले. २०१३ मध्ये ६५,००० च्या वरच्यांची आणखी कपात झाली. या काळात एकामागून एक करारही झाले, क्रोक पार्क, हॅडिंग्टन रोड, लान्सडाउन रोड, वाटाघाटींच्या जागांवरून नावं पडलेले. कापलेलं हळूहळू परत मिळायला लागलं. वराडकर टीशख असताना २०१७ च्या अखेरीस या परतफेडीचा कायदा झाला आणि २०१८ ते २०२० चा करार लागू झाला.

त्या करारात एक कलम होतं, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नोत्तरांचा गाभा तेच होतं : कराराच्या काळात कुठलीही संघटना खर्च वाढवणारी मागणी करणार नाही. करारात नसलेल्यांच्या वार्षिक वेतनवाढी रोखण्याची तरतूद कायद्यात होती.

आणि मग परिचारिका उठल्या. सुमारे ४०,००० सदस्य असलेल्या त्यांच्या संघटनेने १२ टक्के वाढ मागितली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : समकक्ष पदवी घेतलेल्या फिजिओथेरपिस्टपेक्षा आमचा पगार कमी आहे, त्यामुळे नव्या मुली देश सोडून जातात, वॉर्डात माणसं अपुरी पडतात, आणि अपुऱ्या माणसांत रुग्णाला धोका असतो. वेतन आयोगाने भत्ते वाढवायची शिफारस केली होती, सरसकट वाढीची नाही. ३० जानेवारी २०१९ ला, संघटनेच्या शंभर वर्षांच्या इतिहासातला दुसरा देशव्यापी संप झाला. मग ५ आणि ७ फेब्रुवारीला. पुढच्या आठवड्यात सलग तीन दिवस ठरले होते.

सभागृहात टीशखला दर वेळी हेच विचारलं जात होतं. ज्यांची आई स्वतः परिचारिका होती आणि जे स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना ‘परिचारिकांचं काम मोलाचं आहे’ हे वेगळं शिकवायची गरज नव्हती, आणि तसं ते म्हणतही होते. पण सरकारची भूमिका हलत नव्हती. मागणीचा वार्षिक खर्च सरकारने ३० कोटी युरो सांगितला, आणि त्यापुढे खरा मुद्दा मांडला : देशात तीन लाखांवर सरकारी नोकर आहेत, त्यांनी करार पाळला आहे, एका गटाला कराराबाहेर वाढ दिली की उरलेले सगळे दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतील.

या युक्तिवादाला हसण्यावारी नेणाऱ्यांनी वेतनश्रेणीचा तक्ता एकदा उघडून पाहावा. सरकारी पगार सुटा नसतो. प्रत्येक पद दुसऱ्या कुठल्यातरी पदाशी बांधलेलं असतं. अमुक श्रेणीचा तिसरा टप्पा तमुक श्रेणीच्या पहिल्याएवढा, असं. एक वर सरकला की समकक्ष पदांत तफावत होते, आणि ती मिटवायला पुन्हा मागण्या. आपल्याकडे याला ‘वेतनत्रुटी’ म्हणतात आणि प्रत्येक वेतन आयोगानंतर त्यासाठी समित्या बसतात. शिवाय आयर्लंडमध्ये बऱ्याच निवृत्तांचं वेतन कार्यरत पदाच्या पगाराशी जोडलेलं, त्यामुळे वाढ तिथेही पोचते.

तरीही परिचारिकांचं म्हणणं मला जास्त बळकट वाटतं. कारण तफावतीचा नियम त्यांच्याच बाजूने होता. समकक्ष पदवीला कमी पगार ही आधीपासूनची वेतनत्रुटी होती आणि करार तिला गोठवत होता. शेवटी वाट निघाली ती श्रम न्यायालयातून. ११ फेब्रुवारीला शिफारस आली आणि संप थांबला. १२ टक्के मिळाले नाहीत. त्याऐवजी नवा सेवाकरार, वाढीव कामाच्या बदल्यात नवी वेतनश्रेणी, आणि विस्तारलेले भत्ते. शब्द बदलल्यामुळे सरकारला ‘करार मोडला नाही’ असं म्हणता आलं, आणि परिचारिकांच्या हातात पैसे आले. नव्या नोकरांची १० टक्क्यांची तफावतही अशीच आडवाटेने मिटवली गेली : मार्च २०१९ पासून श्रेणीच्या चौथ्या आणि आठव्या टप्प्यावर त्यांना एकेक पायरी गाळून पुढे नेलं. पुढे सरकल्यामुळे कमाल पगार लवकर येतो, पण आधीच्या वर्षांचं गेलेलं परत येत नाही. सभागृहात ‘प्रश्न सोडवला’ असं उत्तर आलं की हा फरक विचारायला हवा.

टक्क्यांच्या उत्तरात आणखी एक खाच असते. जानेवारी २०२४ मध्ये, वराडकरांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, अडीच वर्षांचा नवा करार झाला आणि १०.२५ टक्के वाढ जाहीर झाली. ही वाढ एकदम नव्हती. १ जानेवारी २०२४ ला २.२५ टक्के किंवा १,१२५ युरो, यांतलं जे जास्त ते. १ जूनला १ टक्का. १ ऑक्टोबरला १ टक्का किंवा ५०० युरो. १ मार्च २०२५ ला २ टक्के किंवा १,००० युरो, १ ऑगस्टला १ टक्का. १ फेब्रुवारी २०२६ ला १ टक्का किंवा ५०० युरो, १ जूनला शेवटचा १ टक्का. आणि १ टक्का स्थानिक वाटाघाटींसाठी राखून ठेवलेला.

‘किंवा’ या शब्दात खालच्या पगारदारांची सोय आहे. चारही ठिकाणी हिशोब करून पाहिला तर सीमारेषा ५०,००० युरोवर पडते. त्याच्या खाली ठोक रक्कम जास्त, वर टक्केवारी जास्त. ३०,००० युरोवाल्या कारकुनाला पहिल्याच हप्त्यात २.२५ च्या जागी ३.७५ टक्के मिळाले. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगात सगळ्यांना एकच २.५७ चा गुणक लागला. तो समान दिसतो, पण रुपयांतलं अंतर वाढवतो. राज्यात सर्वांत खालच्या श्रेणीची सुरुवात १५,००० वर झाली आणि वरचे लाखांच्या पुढे गेले. आयरिश ‘किंवा’ मला अधिक न्यायाचा वाटतो.

आणि तारखांमध्ये तिजोरीची सोय आहे. १ ऑक्टोबरला दिलेला १ टक्का त्या वर्षाच्या अर्थसंकल्पाला फक्त पाव टक्का खर्चाचा पडतो, कारण तीनच महिने उरलेले असतात. पूर्ण १ टक्का पुढच्या वर्षी लागतो, नवीन काही जाहीर न करताच. म्हणून ‘या वर्षी वेतनावर किती खर्च’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी छोटं वाटतं. विचारायचा प्रश्न असा असतो : पूर्ण वर्षाचा खर्च किती, आणि गेल्या वर्षीच्या हप्त्यांचा यंदा किती येऊन पडला? महाराष्ट्राने हेच उलट्या दिशेने केलं होतं. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू, प्रत्यक्ष वाढीव पगार २०१९ च्या सुरुवातीला, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत. खर्च ढकलला की तो नाहीसा होत नाही, पुढच्या अर्थमंत्र्याच्या पानावर उतरतो.

सभागृहातलं ‘नाही’ कितपत टिकतं, हे आपण आपल्याकडेही पाहिलंय. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देणार नाही असं सांगितलं आणि १ लाख १० हजार कोटींच्या बोज्याचा आकडा दिला. १४ मार्च २०२३ पासून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला, सात दिवस चालला, समिती बसली. १ मार्च २०२४ ला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित योजना जाहीर केली : शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ. नाव जुनं नाही, अंशदान कायम, पण हमी परत आली. डब्लिनच्या परिचारिकांसारखंच इथेही नाव राखून आशय हलला. पहिल्या उत्तरातला आकडा किती वर्षांनंतरचा होता, वार्षिक की एकूण, हे तेव्हाच उपप्रश्नात खणून काढलं असतं तर मधली चर्चा जास्त प्रामाणिक झाली असती असं मला वाटतं.

या सगळ्यात एक गट कायम कडेला उभा असतो. आयर्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या पण सरकारी नसलेल्या आरोग्य आणि अपंगसेवा संस्था आहेत, आरोग्य कायद्याच्या ३९ व्या कलमावरून ओळखल्या जाणाऱ्या. त्यांतली माणसं तेच काम करतात, पैसाही तिजोरीतूनच येतो, पण ती ‘सरकारी नोकर’ नाहीत म्हणून करारात नसतात. सभागृहात त्यांच्याबद्दल विचारलं की उत्तर येतं : त्यांचा मालक सरकार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये, संपाच्या उंबरठ्यावर, त्यांना तीन हप्त्यांत ८ टक्के मिळाले. आपल्या अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना हे उत्तर चांगलं ओळखीचं आहे. त्यांना मिळतं ते ‘मानधन’, ‘वेतन’ नाही. त्या एका शब्दामुळे महागाई भत्ता, वेतनश्रेणी, वेतन आयोग, सगळं त्यांच्या दारावरून पुढे जातं. त्यांच्याविषयीच्या प्रश्नात ‘मानधन किती वाढवणार’ असं विचारलं की सरकारला वाढवून मोकळं होता येतं. ‘मानधन का, वेतन का नाही’ असा प्रश्न मात्र ‘हे खरे आहे काय’च्या साच्यात बसवायला फार कसब लागतं, आणि ज्या आमदारांनी ते केलंय त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

आयर्लंडचा तो करार ३० जून २०२६ पर्यंतचा. शेवटचा १ टक्का त्याच्या एक महिना आधीचा, १ जूनचा. २०२६ मध्ये त्याचा सात महिन्यांचा खर्च दिसेल, बारा महिन्यांचा २०२७ मध्ये. तोवर टीशखच्या खुर्चीवर माणसं बदललेली आहेत. वराडकरांनी मार्च २०२४ मध्ये पायउतार होत असल्याचं सांगितलं आणि एप्रिलमध्ये ते बाजूला झाले. त्यांच्या काळातल्या सहीचा तो टक्का दुसऱ्याच कुणाच्या तरी अर्थसंकल्पात उतरेल, आणि मंगळवारी दुपारी उभं राहून त्याचा हिशोब त्यालाच सांगावा लागेल.